बिनतेलाचं वर्ष

अपेक्षा

आमच्याकडे लग्नाच्या पोराला स्टेजवर चढवतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. परिचय मेळावा म्हणजे अकोल्यातलं एक मंगल कार्यालय, आधी बुद्धवंदना, मग दोन-तीन भाषणं, आणि मग एकेक नाव पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं वर जायचं, माईक हातात घ्यायचा आणि समोर बसलेल्या पाचशे मामा-मावश्यांना आपली माहिती द्यायची. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, मूळ गाव. शेवटी अपेक्षा. अपेक्षेला सगळे एकच शब्द बोलतात, ‘अनुरूप’, आणि खाली उतरतात.

मी तेहतीस वर्षांचा होतो. हिवरखेडला सरकारी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गावात मला डॉक्टरच म्हणतात. पोट्टा कायमच्या नोकरीत, दिसायला बरा, व्यसन नाही. माझा मामा मेळाव्याच्या समितीत होता आणि त्यानं माझं नाव सुरुवातीलाच लावलं होतं.

नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, उंचीसुद्धा एक इंच वाढवून सांगितली. मग ‘अपेक्षा’ म्हणालो आणि पुढचा शब्दच येईना. छातीवर कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. बोटं बधिर, कानात शिट्टी, तोंडाला कोरड. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, पोट्टा लाजला, आणि सगळा हॉल हसला. मी तिथंच स्टेजवर खाली बसलो. आता मी मरतो, आणि तेही माईक हातात धरून, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

आता माझी खरी अपेक्षा इथं सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे अंदाज बांधत बसायला नको. मला पुरुष आवडतात. शाळेत होतो तेव्हापासून. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

हार्ट एकदम चांगलं

मामानं मला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं. आयसीयूत दिवस की संध्याकाळ ते कळत नाही. कोणीतरी येऊन दंडाला पट्टा आवळतं, कोणीतरी बोटाला चिमटा लावतं, छातीवरचे केस काढून त्यावर गार चिकट गोळे चिकटवतात. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस मी, पण त्या पलंगावर मला साधी सुई बघवेना. शेजारी एक काका होते, खरोखरच्या हार्टचे. त्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि ते मला धीर देत होते. माझी मोठी बहीण अमरावतीला दिलेली, ती धावत आली. आत सोडायची वेळ झाली की मऊ वरणभात घेऊन यायची आणि चमच्यानं भरवायची. तिनं एकही प्रश्न विचारला नाही, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. म्हणाले, तुमचं हार्ट एकदम चांगलं आहे, हा भीतीचा झटका होता, पॅनिक अटॅक, पण तो खराच असतो, तेव्हा मनाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. मला मात्र रडू फुटलं. हार्टमध्ये काही निघालं असतं तर औषध तरी होतं. हार्ट चांगलं म्हटल्यावर उरलं काय, ते मला माहीत होतं.

आई तेव्हा खाली चहा घ्यायला गेलेली. मामानं ताईला आणि मला तिथल्या तिथं बजावलं, “मनाचं कोणाले सांगू नका. येडा हाये म्हणतीन. हार्टचं सांगा, हार्ट काय, कोणालेई होते.” आई वर आली तेव्हा त्यानं तिलाही तेच सांगितलं, हार्ट जरा नाजूक हाये आक्का, तेलतूप बंद. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. झालं, मी हार्टचा पेशंट झालो.

उकडलेली दोडकी

माझ्या आईच्या हाताची तर्री नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लालभडक तेल. आमच्याकडे ती नसेल तर माणसं ताटाकडे संशयानं बघतात. त्या माउलीनं माझ्यासाठी कढई माळ्यावर टाकली. उकडलेली दोडकी, उकडलेला भोपळा, वर मिठाची चिमूट. मी आठवडाभर हिवरखेडला खोली करून राहायचो आणि शनिवार-रविवारी अकोल्याला घरी यायचो. माझा समज होता की मी नसताना ती आपल्यापुरतं नीट करून खात असेल. ताईनं नंतर सांगितलं की नाही, तीपण तेच खाते. म्हणते, पोराच्या तोंडाले चव नाई, मंग मले कायले पायजे?

एक फायदा मात्र झाला. हार्टच्या पेशंटला मुलगी कोण देतो? मामाकडची स्थळं एका महिन्यात आटली. मी सुटलो असं वाटायचं आणि मग शेजारीण दारातूनच आवाज टाकायची, आता बरं हाये काय बाप्पा, जास्त चालू नको. रस्त्यात ओळखीची माणसं माझ्या हातातली पिशवी हिसकावून घ्यायची. खोटं बोलून मिळालेली माया फार जड होते हो.

आणि झटके काही थांबले नाहीत. अकोटच्या बसमध्ये आला, दूध संकलन केंद्रावर आला, एकदा तर अडलेली गाय मोकळी करताना आला. वासरू बाहेर काढलं आणि मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. गाय आपल्या पिल्लाला चाटत होती आणि मालक मला पाणी पाजत होता.

लग्न करा, सगळं ठीक होतं

मनाच्या डॉक्टरनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप लागायला लागली. सोबत बोलण्याचे उपचार घ्या म्हणाले. म्हणून आधी एका समुपदेशकाकडे गेलो. गाव सांगत नाही. तीन भेटींनंतर धीर करून मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची जरा मागे घेतली, आणि म्हणाले, हा वाईट संगतीचा परिणाम आहे, व्यायाम करा, लग्न करा, सगळं ठीक होतं.

वाईट संगत! माझी संगत म्हणजे म्हशी.

आज हसू येतं. तेव्हा मी तिथून निघालो तो पुढचे कित्येक महिने कुठंच गेलो नाही. जो माणूस बरं करायला बसलाय तोच खुर्ची मागे घेतो म्हटल्यावर बाकीच्यांकडून काय आशा करायची? त्या काळात मरणाचे विचार यायचे. लपवत नाही. हिवरखेडच्या खोलीत एकटं बसणं नको वाटायचं म्हणून सुट्टी झाली तरी मी दवाखान्यातच थांबायचो. एका शनिवारी ताईचा फोन आला, अमरावतीला ये, एका मॅडमचा पत्ता काढलाय, आणि मी आधी स्वतः भेटून आले, कोणतंही माणूस असलं तरी त्या खुर्ची मागे घेत नाहीत. मी ताईला काहीच सांगितलेलं नव्हतं. खुर्चीचं तेवढं एकदा रडत बोललो होतो. ती काय समजायचं ते समजली होती.

राजापेठेतली खोली

अमरावतीत राजापेठेतल्या एका औषधाच्या दुकानावर मॅडमची खोली. दर शनिवारी हिवरखेडहून अकोट, दर्यापूर करत मी तिथं पोचायचो. तिथून रात्री अकोल्याला घरी आलो की सांगायचो, हार्टच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. आई ताटात उकडलेलं काहीतरी वाढायची.

पहिले काही शनिवार मी नुसता पुस्तकी बोललो. ‘तशा प्रवृत्तीची व्यक्ती’, ‘समाजाचा दृष्टिकोन’, ‘अशा लोकांना’. मॅडम ऐकून घ्यायच्या. मग एकदा म्हणाल्या, “हे सगळं तुम्ही दुसऱ्याच कोणाबद्दल सांगताय. घरी बोलता तसं सांगा. तुमच्याबद्दल सांगा.”

मी पंख्याकडे बघत म्हणालो, “मले बाया नाई आवडत. माणसं आवडते.”

स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या बोलीत ते ऐकलं आणि मला हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू. मॅडमची खुर्ची जिथल्या तिथं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, मग मेळाव्यात अपेक्षा सांगताना नेमकं काय झालं?

तिथून खरी सुरुवात झाली. आम्ही स्टेजपासून मागे मागे गेलो. चालताना कंबर हलते काय, हसताना आवाज बारीक होतो काय, चहाचा कप कसा धरलाय, गावातला एखादा तरणा पोरगा बोलायला आला तर त्याच्याकडे किती वेळ बघायचं, हे सगळं मी शाळेपासून तपासत आलो होतो. पारावर कोणाला तरी ‘बायल्या’ म्हणून हसत, तेव्हा माझी नजर आधी स्वतःच्या हातांकडे जायची. दिवसभर मी चारचौघांत गायीच्या माजावर बोलतो, वळूच्या वंशावर बोलतो, कोणाला त्यात लाज नाही. आणि मला कोण आवडतं एवढंच सांगायची चोरी. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं चोवीस तास पहारा दिल्यावर शरीर बोंबलणारच. तुमचं आवडणं हा आजार नाही. भीती हा आजार आहे, आणि ती तुम्हाला शिकवली गेलीय, तेव्हा ती जाऊ शकते.

ती एका दिवसात जात नाही, बरं का. त्यांनी मला झटका आला की पळायचं नाही, बसून त्याला येऊ द्यायचं, हे शिकवलं. आधी बसमध्ये जमलं, मग बाजारात. झटका चढतो, वर टेकतो आणि उतरतो. गोळ्या मी डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी केल्या. मधेच मनानं बंद केल्या होत्या, तेव्हा जी फजिती झाली ती दुश्मनावरही येऊ नये.

एका शनिवारी मॅडमच्या बाहेरच्या बाकावर हिवरखेडचा एक शेतकरी बसलेला. त्याची म्हैस मीच तपासायचो. मला घाम फुटला. तोही चपापला. मग तो जरा सरकला, मला जागा दिली आणि म्हणाला, “मायी पोरगी येते इथं. चांगल्या हायेत बाई.” पुढचा अर्धा तास आम्ही म्हशीच्या थानावर बोललो. गावात त्यानं कधी चकार शब्द काढला नाही, आणि मीही नाही.

भातकुलीची मुलगी

एवढं सुधारत असताना मामा एक दिवस हसतमुखानं घरी आला. स्थळ सापडलं होतं. भातकुलीची मुलगी, अमरावतीत एका दवाखान्यात नर्स. घरच्यांना हार्टचं सांगितलं तरी ते हो म्हणाले. सरकारी नोकरी आहे, आणि मुलगी काळजी घ्यायला जाणकार. आईचा चेहरा इतका फुलला होता की मी नाही म्हणू शकलो नाही. किती दिवसांनी ती कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होती. म्हणाली, “नर्स हाये राजा. मी गेली तरी तुह्या हार्टकडे पायाले माणूस राहीन.”

रविवारी आम्ही भातकुलीला गेलो. पोहे झाले, चहा झाला, आणि आम्हा दोघांना बाहेर ओसरीत बसवलं. ती माझ्यापेक्षा धीट होती. आधी तिनं विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? खिशातली पट्टी मी सवयीनं काढून दाखवली. आता ढोरांचा डॉक्टर झालो तरी एवढं कळायला हवं होतं की नर्सला गोळ्या दाखवू नयेत. तिनं पट्टी उलटून पाहिली, परत दिली, आत कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

“ह्या हार्टच्या नाईत,” ती म्हणाली. “कायच्या हायेत ते मले माहीत हाये, त्यात काई वाईट नाई. पण हार्टचं खोटं कावून सांगतलं?”

मी म्हणालो, मला लग्न करायचं नाही, तुमच्यात काही कमी नाही, कोणाशीच करायचं नाही. मला वाटतं तिला कळलं. मग म्हणाली, “मी नाई म्हणून सांगू शकते. पण मंग तुमची आई दुसरी पाहीन, आणि त्या दुसरीले कदाचित गोळ्यायचं नाई समजणार. तुमीच सांगा.”

परतीच्या गाडीत आई पुढे बसून लग्नाच्या हॉलचं बोलत होती. मागे मला झटका आला. मी बसून राहिलो, तो चढला, टेकला, उतरला. बडनेरा मागे पडलं तेव्हा माझं ठरलं होतं. सांगितलं तर कदाचित आई दुरावेल. नाही सांगितलं तर एका भल्या पोरीचं वाटोळं होईल, आणि मग माझं.

चीक थांबत नाही

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आई गच्चीवर कुरडया घालत होती. जुन्या लुगड्यावर एकेक कुरडई साच्यातून पाडायची; चीक गरम असेपर्यंतच ती नीट पडते, त्यामुळे मधे उठता येत नाही. मी मुद्दामच ती वेळ धरली. साचा माझ्या हातात घेतला, दाबायला सुरुवात केली आणि सांगून टाकलं. आधी हार्टचं की आधी माझं, हे मॅडमबरोबर कितीदा घोकलं होतं, पण दोन्ही एकदमच बाहेर पडलं. मले पोरी आवडत नाईत, माणसं आवडते, लग्न मी करणार नाई, आणि हार्ट चांगलं हाये, पयल्या दिवसापासून चांगलं हाये.

आई लुगड्याची सुरकुती सारखी करत राहिली. मग तिनं विचारलं, “हार्ट चांगलं हाये?”

“हो.”

“आन् मी वरीसभर तुले रोज मरताना पायलं,” ती म्हणाली. “शनिवारी तू येईपर्यंत जीव दारात राये माहा. हे तुम्ही तिघायनं केलं?”

दुसऱ्या गोष्टीवर ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. उरलेला चीक तिनं माझ्याकडून दाबून घेतला, कारण टाकून देणं तिच्यात बसत नाही. संध्याकाळी पिशवी भरली आणि ताईकडे अमरावतीला निघून गेली. मामाचा फोन तिनं उचलला नाही. माझाही नाही. कुरडया वाळल्या, मीच त्या डब्यात भरल्या आणि रडलो. वाटलं, गेली.

पुढच्या शनिवारी मी राजापेठेत जिना चढलो तर बाकावर ताई आणि शेजारी आई. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, मले बी भेटायचं हाये तुह्या बाईले. आत तिनं पदर नीट केला आणि मॅडमना दोनच गोष्टी विचारल्या. माह्या हातून काई चुकलं काय? आन् हे बरं होते काय? मॅडमनी दोन्हीला शांतपणे नाही म्हटलं. तुमच्याकडून काही चुकलं नाही, आणि हे बरं व्हायला हा आजारच नाही. तो घाबरायचा, तो आजार होता, तो बरा होत आलाय. आई म्हणाली, घाबरे तर तो लहानपणापासून. मग बराच वेळ रडली. मी तिला पाणी दिलं. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला, आणि तो हार्टच्या पेशंटचा दंड धरल्यासारखा नव्हता.

सगळं गोड झालं असं सांगून फसवणार नाही. काही दिवस ती अचानक गप्प व्हायची. एकदा म्हणाली, लोक काय म्हणतीन याचं मले भेव वाटते. मी म्हणालो, मलेपण. नर्सबाईंनी त्यांच्या घरी काय सांगितलं कोण जाणे, पण तिकडून एकही वाईट शब्द आला नाही.

ज्यांच्या छातीत असंच दुखतं त्यांनी आधी हार्ट तपासून घ्या, हसण्यावारी नेऊ नका. आणि तुम्हाला बदलायला निघालेला कोणी समोर बसला असेल तर उठा आणि दुसरीकडे जा. मी बरेच महिने घालवले, तुम्ही घालवू नका.

मागच्या रविवारी मामा आला. आईला खरं कळलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. हातात परत एक फोटो, बोरगावची मुलगी, तिच्या घरच्यांनाही हार्टचं चालतं म्हणे. मी ताटावर बसलेलो. आई स्वयंपाकघरातून आली ती पातेलं घेऊनच. वांग्याचा रस्सा, वर बोटभर लाल तर्री. सगळ्या घरात वास सुटला होता. तिनं ती पळीनं वरवरची काढून माझ्या वाटीत घातली, मग स्वतःच्या, आणि मामाच्या वाटीजवळ पळी थांबवली.

मामा ओरडला, “आक्का, त्याच्या हार्टले...”

“त्याले हार्ट-गीर्ट काई नाई,” आई म्हणाली. “आन् लग्न नाई करत तो. फोटो ठेव खिशात, आन् तू जेवतं काय ते सांग.”